गोदामातला सत्कार

"काकू, आज जरा ठेवणीतली साडी नेसा," सोनटक्के दारात उभा राहून म्हणाला. "आणि कुठे जायचं ते विचारू नका. खाली गाडी आहे."

माझे हात कणकेत होते. सकाळची वेळ, घरात मी एकटी. माझा मुलगा पराग ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेला होता, तो संध्याकाळी येणार होता. सून ऋजुता तिच्या ऑफिसात. आणि हा सोनटक्के काही घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांतला नव्हे. तो नऱ्ह्याच्या एका गोदामाचा मॅनेजर. त्या गोदामात आमचं ठाण्याचं घर ठेवलेलं होतं.

घर म्हणजे घरातलं सामान. पण मी तेव्हा घरच म्हणायचे, आणि मला कुणी दुरुस्त करत नसे. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, जुनी पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा प्रत्येकाने तीन वर्षांसाठी कुठेतरी सोय बघायची होती. आम्ही पुण्याला परागकडे बालेवाडीत आलो. "तीन वर्षं काय, चुटकीसरशी जातील," असं हे म्हणाले होते. हे म्हणजे आमचे हे. एरवी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक माझ्या समजुतीसाठी खर्च केलं म्हणून मला केवढं कौतुक वाटलं होतं.

परागच्या घरात सगळं पांढरं आणि भिंतीतच बसवलेलं. माझा एक पाट ठेवायचा म्हटलं तरी ऋजुता बिचारी चारही भिंतींकडे बघायची. मग आमचं सामान 'घरसाठा'मध्ये गेलं. शटर लावलेल्या गाळ्यांची ती मोठी शेड आहे. एक गाळा भाड्याने घ्यायचा, आपलं कुलूप लावायचं, हवं तेव्हा जाऊन उघडायचं. परदेशी गेलेल्यांची घरं तिथे असतात, बदलीवाल्यांची असतात, भावाभावांत वाटणी न झालेल्यांची असतात. त्यांत एक आमचं. दुसऱ्या वर्षी हे गेले. सामान तिथेच राहिलं आणि मी बालेवाडीत.

मी महिन्याकाठी एकदा जायचेच. गाद्यांना ऊन द्यायचं, डांबरगोळ्या बदलायच्या, कपाटाच्या बिजागरीला तेल घालायचं. आणि परागला विचारायचं, कितवा स्लॅब पडला? तो फोनवर फोटो दाखवायचा. चौथा पडला, सातवा पडला, आता प्लॅस्टर चालू आहे. त्या महिन्यात मात्र तो म्हणाला होता, आई, तिथे पेस्ट कंट्रोल चाललंय, औषधाचा वास असतो, तू जाऊ नकोस. मी बरं म्हटलं.

मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसून जन्मभर लोकांचे आवाज ऐकले. कोण खरं बोलतंय, कोण बायकोला फसवतंय, कुणाच्या घरी माणूस गेलंय पण सांगायचं टाळतायत, हे मला श्वासावरून कळायचं. म्हणून सांगते, परागने ते वाक्य म्हणताना एक श्वास जास्त घेतला होता. मी तो ऐकला आणि सोडून दिला. आपल्याच पोराच्या आवाजावर कोण पहारा ठेवतं?

सोनटक्केवर माझा जीव होता, आणि त्याचा माझ्यावर. त्याचं कारण पहिल्याच दिवशीचं भांडण. ठाण्याहून ट्रक आला तेव्हा त्याची माणसं माझी भांडी बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला निघाली, काचसामानाला थर्माकोल. मी ट्रकसमोर उभी राहिले. म्हटलं, हे सगळं उद्या कुठे फेकणार? माझ्या घरात चार बोचकी जुन्या सुती साड्या आहेत, चादरी आहेत, ह्यांचे लेंगे आहेत, त्यांत गुंडाळा. एक कप फुटला तर मी बोलणार नाही. एकही फुटला नाही. सोनटक्के ते बघत होता. महिनाभराने गेले तर दाराशी जुन्या कापडांचा ढीग रचलेला, येईल त्या गिऱ्हाइकाचं सामान त्यात बांधायचं आणि सामान नेताना कापड परत द्यायचं. खोकीसुद्धा तशीच, एकाचं सामान सुटलं की चिकटपट्टी सोलून, घडी घालून पुढच्याला. छपरावर सूर्याची वीज आली. कुणी काही टाकून गेलं तर लाकूड वेगळं, लोखंड वेगळं, दुरुस्त होण्याजोगं वेगळं. जे चांगलं ते गरजूला फुकट. मालक इनामदार मोठ्या सभांतून त्यावर भाषणं द्यायचे म्हणे. सोनटक्के मात्र मला म्हणायचा, "काकू, ही सगळी तुमची पद्धत." आणि मी फुगायचे. नुसती फुगायचे नाही, गाळ्यासमोर स्टुलावर बसून ज्ञानही वाटायचे, की लाकूड वापरात असलं तर टिकतं, नुसतं ठेवलं तर किडतं.

असो. तर त्या सकाळी सोनटक्के म्हणाला ठेवणीतली साडी नेसा, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेस्ट कंट्रोल नव्हतंच. घर तयार झालं होतं. म्हणून परागचा तो जास्तीचा श्वास. पोरगा मला चकित करायला निघाला होता, लहानपणी वाढदिवसाला भेटकार्ड उशीखाली लपवायचा तसा. हैदराबाद वगैरेही खोटंच असणार, तो परस्पर ठाण्याला गेला असणार किल्ल्या घ्यायला.

मी कणीक झाकून ठेवली. कपाटातून नारायणपेठी काढली. ती मी वास्तुशांतीसाठी घेऊन ठेवली होती, घडीसुद्धा मोडली नव्हती. केसांना तेलपाणी केलं, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला आणि खाली आले.

गाडीत मी सोनटक्केला खोदून खोदून विचारलं. तो हसायचा आणि म्हणायचा, काकू, तिथे गेल्यावर कळेलच. परागसर म्हणाले होते काकूंना दगदग नको, त्यांना काही कळवू नका. म्हणून तर मी स्वतः गाडी घेऊन आलो. एवढ्या मोठ्या गोष्टीला तुम्ही नसणार म्हणजे काय?

म्हणजे माझं बरोबर होतं. मी गप्प बसले आणि मनातल्या मनात स्वयंपाकघर लावायला घेतलं. मांडणी खिडकीच्या उजव्या हाताला. पिंप ओट्याखाली. ह्यांचा पलंग आता कुणी वापरणार नाही, तो बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला. बायपासवर गाड्यांची रांग लागली होती तरी मला कशाची घाई नव्हती.

गोदामाच्या फाटकाशीच टेंपो उभा होता आणि त्यात माझी मांडणी चढवलेली होती. स्टीलची, सासूबाईंनी घेतलेली, कडेचा एक आकडा वाकडा. मागे लोखंडी कपाट. मला इतका आनंद झाला की गाडी नीट थांबायच्या आत मी दार उघडलं. हमाल कपाट दोरीने आवळत होता. त्याला म्हटलं, अरे, आरशाला कापड लाव आधी, ठाण्यापर्यंत जायचंय, घाटात हिसके बसतात.

तो म्हणाला, "ठाण्याला कुठं, आजी? हितं वडगावला चाललोय."

म्हटलं, याला काही माहीत नाही. टेंपोपलीकडे आणखी एक हातगाडी होती, तिच्यावर माझ्या दोन गाद्या. एक माणूस स्कूटरवर माझा मिक्सर आणि इस्त्री घेऊन चालला होता. प्रत्येक वस्तूला एक हिरवी चिठ्ठी लावलेली. मी सोनटक्केकडे बघितलं तर तो माझा हात धरून आत नेत होता, "चला, सगळे थांबलेत."

आत शेडच्या मोकळ्या भागात खुर्च्या मांडलेल्या. पन्नासेक माणसं असतील. पुढे टेबल, टेबलावर माईक. मागे कापडी फलक, फ्लेक्स नव्हे, कारण फ्लेक्स तिथे चालत नसे. फलकावर झाड काढलेलं आणि झाडाखाली माझा फोटो. स्टुलावर बसून हसतानाचा. तो कधी काढला कोण जाणे. मला पहिल्या रांगेत बसवलं. एका मुलीने गुळाचं सरबत दिलं, काचेच्या पेल्यात. मी ते हातात धरून बसले. माझं लक्ष आमच्या गाळ्याकडे होतं. शटर वर होतं आणि आत काही नव्हतं. झाडून काढलेली फरशी तेवढी दिसत होती.

आधी इनामदार बोलले. वर्षभरात त्यांच्या गोदामातून कचरा म्हणून काहीही बाहेर पडलं नाही, असं काहीतरी. मग सोनटक्केने माईक घेतला. पोराचा आवाज भरून आला होता, खरंच आला होता, ते मला कळतं.

"आपल्याकडे लोक सामान ठेवतात आणि विसरतात," तो म्हणाला. "शालनकाकू खांबेटे एकट्या अशा की ज्या दर महिन्याला येऊन आपल्या वस्तूंची विचारपूस करायच्या. ठाण्याचं घर विकल्यावर हे सामान त्यांना कुणालाही विकता आलं असतं. पण परागसर मला म्हणाले, आईची इच्छा आहे, ज्याला लागेल त्याने वापरावं. काकूंनी आपला अख्खा संसार दान केलाय. आज तो आठ-दहा घरांत जाईल."

टाळ्या वाजल्या. मी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी शालन आहे का.

ठाण्याचं घर विकल्यावर. एवढेच शब्द माझ्या कानात राहिले, पुढचं काही ऐकू आलं नाही. पहिला विचार कसला आला सांगू? चिडले असं नाही, रडूही आलं नाही. मी मनात म्हटलं, मग तो प्लॅस्टरचा फोटो कुणाच्या घराचा होता? मग लक्षात आलं, आमच्याच इमारतीचा. स्लॅब खरेच पडत होते. फक्त ते आमच्यासाठी पडत नव्हते.

सोनटक्के मला टेबलाकडे न्यायला आला. इनामदारांनी शाल पांघरली, नारळ दिला, हारतुऱ्याऐवजी तुळशीचं रोप दिलं. मी रोप घेतलं, नारळ घेतला, मान लववली. सत्कार अंगवळणी पडलेला नसला तरी शाल खांद्यावर पडली की माणूस आपोआप मान खाली घालतं. तेवढीच मान दुसऱ्या कारणानेही खाली घालता येते, हे पुढच्या रांगेतल्यांना कसं कळावं?

मग म्हणाले, आता काकूंच्या हस्ते एक वस्तू देऊ. एक बाई पुढे आली. तिशीच्या आतबाहेरची, अनिता पवार. वडगावला डबे करून द्यायचा धंदा नुकताच सुरू केला होता, ती टेंपोतली मांडणी आणि कपाट तिलाच जाणार होतं. सोनटक्केने माझ्या हातात स्टीलचा मोठा डबा दिला. लग्नात माझ्या मावशीने दिलेला, बाजूला बारीक टिंबांत 'सौ. शालन' असं नाव घातलेला. दिवाळीला यात चकल्या असायच्या.

अनिता वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आजी, ह्याच्यावर नाव हाय तुमचं. हे तुम्ही ठेवा की. बाकीचं लई दिलंय."

तेव्हा मी बोलायला हवं होतं, असं लोक मला नंतर सांगतील असं वाटायचं. पण कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला कळूच दिलं नाही. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. हे मी दिलेलं नाही म्हटलं असतं, तर हिला टेंपो रिकामा करावा लागला असता. तिने केलाही असता, मुकाट्याने. पण खरं सांगायचं तर तिची दया आली हे निम्मंच कारण. निम्मं कारण हे की पन्नास परक्या माणसांसमोर मला म्हणावं लागलं असतं, माझ्या मुलाने माझं घर विकलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. सोनटक्केचं तोंड उतरलं असतं, इनामदार चष्मा पुसत बसले असते, आणि पहिल्या रांगेतल्या बायका चुकचुकल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते चुकचुकणं मला नको होतं.

मी डबा उघडून बघितला. रिकामा.

"भांडं रिकामं देऊ नये," मी म्हटलं. माईक जवळ होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "साखर आहे का कुठे?"

चहाच्या टेबलावरची साखर आणली. मी ओंजळभर डब्यात घातली, झाकण लावलं आणि अनिताच्या हातात दिला. म्हटलं, नाव राहू दे, तुझ्या चकल्या चांगल्या होतील. लोकांना ते इतकं आवडलं की उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दोन-तीन जण फोनवर चित्रण करत होते. मग सोनटक्के म्हणाला, काकू, दोन शब्द बोला. मी बोलले. म्हटलं, वस्तू वापरात राहिली तर टिकते. मी राजीखुशीने दिलंय. माझ्या मुलाने मला यात साथ दिली. सगळ्यांना आशीर्वाद.

गाडीत परत येताना सोनटक्केने विचारलं, काकू, बरं वाटलं ना? मी हो म्हटलं. त्याला मी कधीच खरं सांगितलं नाही. त्याचा यात काय दोष? त्याला वाटलं, एवढं देणारी बाई आपल्या समारंभाला हवीच. दुसरा कुणी मॅनेजर असता तर त्याने मुकाट्याने गाळा रिकामा करून दिला असता, आणि मी पुढच्या महिन्यातही डांबरगोळ्या घेऊन निघाले असते.

घरी पोचायच्या आधीच फोन सुरू झाले. साखरेचं ते चित्रण 'घरसाठा'ने सगळ्यांना पाठवलं होतं, आणि ते फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आलं होतं. दादरच्या माझ्या नणंदेने फोन केला, वहिनी, तुझ्या मनाचा मोठेपणा बघून डोळे भरले गं. आम्ही काळजीत होतो, तू कशी घेशील म्हणून. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण? ती जरा अडखळली आणि मग तिच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागली. तो अडखळलेला श्वास मी यावेळी सोडला नाही. म्हणजे दादरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. नागपूरच्या चुलत सासूबाईंचा फोन आला, त्यांनाही माहीत होतं. ऋजुता पेढे घेऊन लवकर घरी आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, आई, मला किती दिवस झोप नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. झोप सगळ्यांची उडाली होती म्हणे. मी तेवढी सुखाने घोरत होते.

मी शाल घडी करून ठेवली, नारायणपेठी मात्र बदलली नाही. दिवाणखान्यात बसून राहिले. दुपारभर मी परागसाठी वाक्यं जुळवली. काय काय म्हणायचं ते ठरवलं. घर तुझं नव्हतं. घर ह्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर माझं होतं. तू कुठल्या अधिकाराने विकलंस? माझी सही तू कुठल्या कागदावर घेतलीस? दर वर्षी करासाठी म्हणून तू दोन-चार कागद पुढे करायचास, त्यातलाच का एक? मी एवढी शांत होते की मलाच भीती वाटत होती.

पराग आला तेव्हा दिवे लागले होते. बॅग दारातच ठेवून तो सरळ माझ्यापाशी आला आणि जमिनीवर बसला. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

"आई, मी विमानतळावर बघितलं ते," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तू चिडशील. सोनटक्केला मी सांगितलं होतं, तुला कळवू नको म्हणून. मी आल्यावर नीट सांगणार होतो. पण तू इतकं मोठ्या मनाने घेतलंस."

"कधी विकलंस?" मी विचारलं.

त्याने डोकं वर केलं. "मी?"

"मग कुणी?"

ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

"आई, मला वाटलं तुला तेही कळलं असेल," पराग म्हणाला. "मी नाही विकलं. बाबांनी विकलं. ठाणं सोडायच्या आधीच. नवीन इमारतीतल्या आपल्या जागेचा हक्क त्यांनी तेव्हाच विकून टाकला. बालेवाडीचं हे घर त्यातून झालं. आधीच्या दोन खोल्यांत तुम्हाला दोघांना कुठे ठेवणार होतो मी?"

मी नारायणपेठीचा पदर मांडीवर सारखा केला.

"त्यांना हृदयाचं कळलं होतं. तुला सांगू दिलं नाही त्यांनी. म्हणाले, माझ्यामागे ती तिथे एकटी राहायचा हट्ट धरील आणि तुम्हाला ऐकायची नाही. सामान ठेवायची कल्पनाही त्यांचीच. एकदम सांगितलं तर ती ठाण्यातून हलणार नाही, म्हणाले. सामान गोदामात जपून ठेवलंय म्हटलं की येईल, मग हळूहळू इथली सवय होईल, तेव्हा मी सांगेन. आणि ते सांगायच्या आधीच गेले. मग मला जमेना. तू दर महिन्याला विचारायचीस, कितवा स्लॅब, आणि मी..."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आता लिहितानाही मला तो हात आठवतो. तो हात माझाच होता, पण काय करतोय ते मला कळत नव्हतं.

मला दिसत होते ते आमचे हे. पहिलं वर्षभर ते माझ्याबरोबर गोदामात यायचे. मी गाद्या उन्हात टाकायचे, हे गाळ्यांमधल्या बोळात स्टुलावर बसायचे, हातात पाण्याची बाटली. मी आतून ओरडायचे, अहो, तिकडे गेल्यावर कपाट इथे ठेवू की तिथे? ते म्हणायचे, तू म्हणशील तिथे. मी म्हणायचे, मांडणी खिडकीजवळ बरी. ते म्हणायचे, बरी. कधी एकदा त्यांनी नुसतंच पलंगाच्या लाकडावरून हात फिरवला होता आणि मला वाटलं होतं, माझ्यासारखीच यांनाही घराची आठवण येतेय. माणसाचं खोटं मला आवाजावरून कळायचं, पण हा माणूस 'बरी' एवढंच म्हणायचा. एका शब्दात कसला श्वास सापडणार?

त्यांना माझी काळजी होती, हे मला कळतं. आजारी माणूस, जायचं ठरलेलं, बायको हट्टी. त्यांनी आपल्या परीने माझी सोय लावली. सोय उत्तम लागली. मला खोली आहे, सून जीव लावते, शिकायला बाहेरगावी असलेली नात व्हिडिओवर गप्पा मारते. पण सोय लावताना मी समोर होते, बहिरी नव्हते, वेडी नव्हते. सेहेचाळीस वर्षं त्या माणसाच्या पुढ्यात ताट वाढलं. एकदा विचारलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि मग आले असते. नक्की आले असते. ते त्यांना माहीत नव्हतं? की माहीत होतं, पण ते चार दिवस त्यांना नको होते?

परागला मी म्हटलं, ऊठ, हातपाय धू, जेवायला वाढते. दिवसभर जुळवलेली सगळी वाक्यं तशीच राहिली, ती त्याच्यासाठी नव्हतीच. मुलाशी भांडता येतं. तो समोर असतो, चिडतो, पाय धरतो. ज्याच्याशी भांडायचं तो भिंतीवर हार घालून बसलेला, आणि सकाळी निघताना मी त्यालाच नमस्कार करून गेले होते. त्या दिवसानंतर पराग आणि ऋजुता मोकळे झाले. सगळं सांगून झालं, आईने मोठ्या मनाने घेतलं, विषय संपला. ते साखरेचं चित्रण अजूनही कुणीतरी मधूनच पाठवतं. कुणी विचारलंच तर माझाच आवाज त्यात आहे, राजीखुशीने दिलंय म्हणणारा, त्यावर मी काय बोलू?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ह्यांचं श्राद्ध मी दर वर्षी करते. घारगे, अळूचं फदफदं, त्यांना आवडायची ती आमसुलाची चटणी. नातेवाईक म्हणतात, शालनवहिनी अजून किती निगुतीने करतात. यंदाही केलं. पान वाढलं, तूप वाढलं, फोटोला फूल वाहिलं, आणि उठले.

ऋजुता म्हणाली, "आई, तुमचा नमस्कार राहिला."

मी म्हटलं, "राहू दे."